सूर्यास्तानंतरचं पाणी

गेल्या मंगळवारपर्यंत ही गोष्ट माझ्या तोंडून कधी बाहेर पडली नव्हती. बायकोला माहीत होती, डॉक्टरांना माहीत होती, पण त्यांना मी सांगितली नव्हती, ते त्यात होतेच. सांगणं वेगळं. समोरच्याच्या तोंडाकडे बघत बोलावं लागतं. ते मी इतकी वर्षं टाळलं, आणि टाळता टाळता त्यात पटाईत झालो.

तुम्ही मला ओळखत नाही, ते बरंच आहे. जळगावात बरेच जण ओळखतात. डाळ मिलवाले भाऊ. मेहरूण तलावाला सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांत जरा पुढे चालणारे भाऊ. नव्या माणसाला माझी ओळख करून देतात ती अशी — ‘नुसती जीभ आवरून निम्मं अंग उतरवलं यांनी. ना औषध, ना पावडर.’ आणि मी हसतो. मान थोडी खाली घालतो, विनय दिसावा म्हणून.

आता अशी ओळख असलेल्या माणसाने तोंड कसं उघडायचं? — छे, हा प्रश्नच लबाड आहे. ही ओळख मला कुणी चिकटवली नाही. मीच बनवली, मीच पॉलिश केली, जशी तूरडाळ करतो तशी.

जरा मागून सांगतो. टाळाटाळ करत नाहीये. मागचं कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आम्ही मूळचे मारवाडातले, जैन. पणजोबांपासून खान्देशात. घरात मारवाडी, बाजारात मराठी, मिलमधल्या माणसांशी अहिराणी, आणि चिडलो की तिन्हींची खिचडी. मी चिडतोही फार. लहानपणापासून जाडा होतो. नुसता जाडा नाही — लग्नाकार्यात माझ्यासाठी प्लास्टिकच्या दोन खुर्च्या एकात एक घालून आणायचे, एक मोडली तर दुसरी असावी म्हणून. आणून ठेवणारा पोरगा हसू दाबायचा. मीच मोठ्याने हसायचो, म्हणजे बाकीच्यांना हसायला मोकळीक. ‘शेठ, डाळ विकता की सगळी घरीच शिजवता?’ — हा विनोद मी किती वेळा ऐकला असेल? आणि दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखा हसलो.

वडील अगदी उलट. सडपातळ, शांत. पर्युषणात आठ-आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहायचे, आणि तरी दुकानात बसायचे. चौविहार तर त्यांचा बारा महिने. म्हणजे सूर्य मावळला की अन्न नाही, आणि पाण्याचा घोटही नाही, थेट दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत. मी शाळेत असताना एकदा हौसेने उपवास धरला आणि दुपारी गल्लीच्या टोकाला कचोरी खाताना सापडलो. वडील रागावले नाहीत. आईला एवढंच म्हणाले, “राहू दे. याच्याने व्हायचं नाही.”

रागावले असते तर विसरलो असतो. पण ते वाक्य मी चाळीस उलटेपर्यंत अंगावर वागवलं. वजनाच्या काट्यावर ते दिसत नव्हतं, एवढंच.

मग साखर आली, बीपी आलं. ते सगळ्यांनाच येतं म्हणून मी सोडून दिलं. एक दिवस डॉक्टरांनी लघवीचा रिपोर्ट समोर धरला. म्हणाले, शेठ, लघवीतून प्रथिनं जायला लागली आहेत. किडनी म्हणजे चाळणी समजा. एवढ्या देहाचं रक्त गाळायचं, त्यात साखर, त्यात बीपी — तिच्यावर ताण येतो आणि भोकं मोठी होतात. चाळणी म्हटल्यावर मला लगेच कळलं. मिलमध्ये चाळणी सैल झाली की चुरीबरोबर चांगली डाळ खाली पडते, आणि एकदा सैल झालेली चाळणी ठोकून ठोकून किती दिवस चालवणार? मी घाबरलो. खरंच घाबरलो.

डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा. मी म्हणालो, याच्याने व्हायचं नाही. वडिलांचं वाक्य, माझ्या तोंडून! तेव्हा त्यांनी ऑपरेशनचं सुचवलं. पोट लहान करून पुढच्या आतड्याला जोडायचं. खाणं आपोआप कमी होतं, साखर उतरते, किडनीवरचा भार हलका होतो. सगळ्यांचंच नीट होतं असं नाही, पण तुमची चाळणी अजून पार फाटलेली नाही, म्हणाले.

मी ते केलं. इंदूरला जाऊन केलं, कारण इथे केलं असतं तर संध्याकाळपर्यंत दाणाबाजारात बातमी पोहोचली असती. घरात, मिलमध्ये, बहिणीला — सगळ्यांना सांगितलं की ध्यानाच्या शिबिराला चाललोय, तिथे मोबाईल जमा करून घेतात. फक्त सरोज, माझी बायको, सोबत होती. तिला मी शपथ घातली. ती म्हणाली, यात लपवण्यासारखं काय आहे? आजार आहे, उपचार करतोय. मी म्हणालो, तुला नाही कळायचं.

तिला नीट कळत होतं. मलाच माणसांनी हसायला नको होतं.

आणि ऑपरेशनने काम केलं. भरभर वजन उतरलं. साखरेच्या गोळ्या कमी झाल्या, मग सुटल्याच. लघवीतली प्रथिनं कमी होत होत थांबली. इंदूरचे डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, शेठ, वेळेवर आलात, किडन्या वाचल्या तुमच्या. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे मी जे केलं ते हे वाक्य कानाने ऐकल्यानंतर केलं आहे.

त्यांनी धाक एकाच गोष्टीचा घातला होता — पाण्याचा. या ऑपरेशननंतर जेवणातली चरबी नीट पचत नाही, त्यामुळे पालक-शेंगदाण्यासारख्या पदार्थांतला एक क्षार जास्त प्रमाणात किडनीकडे जातो आणि तिथे बसतो. खडे होतात. वाईट झालं तर किडनीच बिघडते. पोट एवढंसं, एकदम तांब्याभर पाणी मावत नाही. म्हणून घोट-घोट, दिवसभर, झोपेपर्यंत. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत. आणि पाणी सोडायचं नाही. पाणी हेच तुमचं औषध, म्हणाले.

आता बघा कसं होतं ते. मिलवर परतल्यावर पहिले भेटले सुपडू नाना, आमचे जुने हमाल. मला बघून पोतं खाली ठेवलं. “शेठ, तुम्ही तं बठ्ठा उतरी गयात! तब्येत बरी शे ना?” बिचाऱ्यांना वाटलं मला काही मोठं दुखणं झालंय. मी म्हणालो, “काही नाही नाना, जेवण कमी केलं.” खोटं होतं का हे? जेवण कमीच झालं होतं. पहिलं खोटं असंच असतं, निम्मं खरं. ते पचलं की दुसरं सोपं जातं.

मग विचारणारे वाढले. कसं केलं, कसं केलं? मी म्हणालो, चालणं. मग म्हणालो, चालणं आणि गोड बंद. आणि एक दिवस आमच्या जैन भवनात, प्रवचनानंतर, चार मोठ्या माणसांसमोर म्हणून गेलो — चौविहार. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही नाही. अहो, काय बदलले चेहरे! ज्यांनी दोन खुर्च्या आणायला लावल्या होत्या तेच उठून हात जोडायला लागले. पर्युषणात माझा सत्कार झाला. शाल घातली. वडील तेव्हा थकले होते, पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी डोळे पुसले. त्या क्षणी जर मला कुणी विचारलं असतं की हे सुख सोडतोस का, तर मी नाही म्हणालो असतो. आज विचारलं तरी — खरं सांगतो — उत्तर द्यायला मला थोडा वेळ लागेल.

शाल मिळाल्यावर वाटलं, चला, आता खरंच पाळू. काही दिवस पाळलाही चौविहार. मग एका सकाळी कंबरेपासून अशी कळ निघाली की मी मिलच्या ऑफिसात फरशीवर आडवा झालो. खडा होता, आणि रक्तातला किडनीचा आकडाही चढला होता. इंदूरचे डॉक्टर फोनवर इतके ओरडले की सरोजला शेजारी बसून ऐकू गेलं. नशिबाने आकडा उतरला. त्या दिवसापासून मी पाणी पुन्हा धरलं — पण चोरून. गाडीत सीटखाली बाटली. कपाटात शालींच्या घडीमागे बाटली. पाहुणा म्हणून कुठे गेलो तर बाथरूममध्ये नळ सोडायचा आणि ओंजळीने घोट-घोट. पन्नाशीला आलेला माणूस, डाळ मिलचा मालक, दुसऱ्याच्या बाथरूममध्ये ओणवा होऊन पाणी पितोय. हसू आलं तर हसा.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, मग काय झालं? स्वतःच्या अब्रूसाठी थाप मारली, कुणाचं काय बिघडलं? मीही तेच म्हणायचो. निमू येईपर्यंत.

निमू म्हणजे निर्मला, माझी धाकटी बहीण. धुळ्यात दिली आहे, आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचं कापडाचं दुकान आहे. तिचे यजमान प्रकाशजी, देवमाणूस. निमू म्हणजे बडबड, गाणी, मोठमोठ्याने हसणं. आणि माझ्यासारखीच अंगाने. आम्ही दोघं एका सोफ्यावर बसलो की वडील म्हणायचे, तिसऱ्याने स्टूल आणावं. माझं वजन उतरलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिला झाला. गल्लीभर सांगत फिरली, माझ्या भावाने करून दाखवलं.

तिलाही साखर होती. मग तिच्या डॉक्टरांनीही तोच रिपोर्ट समोर धरला — लघवीत प्रथिनं. तीच चाळणी. आणि तोच सल्ला. वजन उतरलं पाहिजे, गोळ्यांनी आणि पथ्याने उतरत नसेल तर ऑपरेशनचा विचार करा, किडनी सावरायची शक्यता आहे, उशीर करू नका. प्रकाशजी तयार होते. निमू म्हणाली, “भाऊला विचारून येते.”

ती जळगावला आली. आमच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली. सरोज खाकरे लाटत होती. मी दाराच्या चौकटीत उभा होतो. निमू नेहमीसारखी हसत नव्हती. म्हणाली, “भाऊ, खरं सांग. मी करू का ऑपरेशन? की तुझ्यासारखं जमेल मला?”

थांबा. इथे मी दर वेळी थांबतो. मनातल्या मनात हजारदा इथपर्यंत आलोय आणि दर वेळी या चौकटीतून मागे फिरलोय. आज फिरणार नाही.

मला फक्त शर्ट वर करायचा होता. पोटावर चार-पाच बारक्या खुणा आहेत, त्या दाखवायच्या होत्या. म्हणायचं होतं, बाई, मीही तेच केलंय, माझ्या किडन्या त्यानेच वाचल्या, प्रकाशजींना म्हण उद्याच डॉक्टरांना भेटा. घरात आम्हा तिघांशिवाय कुणी नव्हतं. ती कुणाला सांगणार नव्हती. मी घातलेली शपथ निमूने मेली तरी मोडली नसती.

मी काय म्हणालो? मी म्हणालो, “चिरफाड कशाला करून घेतेस? मी केलं ना? जीभ आवर. मन घट्ट कर, चौविहार धर, सगळं होतं.”

सरोजच्या हातातलं लाटणं थांबलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही. निमूने माझा हात धरला आणि म्हणाली, “तू म्हणतोस ना, मग झालं.”

हाच तो गुन्हा. बाकीचं सगळं याच्या आगेमागे आहे. भीती वाटत होती म्हणून बोललो असं म्हणायलाही जागा नाही — मी घाबरलेलो नव्हतो. मला बरं वाटत होतं. मोठा भाऊ, संयमी भाऊ, सल्ला देणारा. आणि लक्षात घ्या, हे मी त्या खड्याच्या दुखण्यानंतर बोललो. पाणी सोडलं की किडनीचं काय होतं ते मला स्वतःच्या अंगावर कळलेलं होतं.

निमूने धरलं. ती माझ्यासारखी नाही, तिने खरंच धरलं. चौविहार, मग वरचेवर उपवास, मग दोन-दोन, तीन-तीन दिवसांचे. साध्वीजींनी स्वतः तिला समजावलं होतं की आजारी माणसाला मोकळीक असते, औषधपाण्याला कुणी अडवत नाही. व्रताला दोष देऊ नका. वडिलांनी तेच आयुष्यभर निभावलं. पण निमू साध्वीजींनाही म्हणाली, माझा भाऊ करतो. वजन थोडं उतरायचं, पुन्हा चढायचं. गुडघे दुखायचे म्हणून ती दुकानातून गोळ्या आणून खायची. उपवासात साखर कधी पाताळात, कधी आभाळात. आणि मग धुळ्याचा तो मे महिना, उलट्या-जुलाब सुरू झाले, त्यात तिने संध्याकाळनंतर पाणी घेतलं नाही. प्रकाशजींनी हात जोडले. तिने तोंड मिटून घेतलं. दवाखान्यात नेलं तेव्हा लघवी जवळजवळ बंद झाली होती.

आधीच सैल झालेली चाळणी होती. ती पुन्हा सावरली नाही. आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस.

ऑपरेशन केलं असतं तर वाचल्या असत्या का तिच्या किडन्या? मी एका डॉक्टरांना आडून विचारलं, ओळखीच्या कुणाचं म्हणून. ते म्हणाले, नक्की सांगता येत नाही, पण संधी होती. त्यातलं ‘सांगता येत नाही’ तेवढं मी उचललं आणि त्याच्यामागे लपलो. ‘संधी होती’ हे ऐकूनही ऐकलं नाही.

अजून आहे. किडनी बसवायची गोष्ट निघाली तेव्हा धुळ्याच्या बैठकीत सगळे माझ्याकडे बघायला लागले. साहजिक आहे. सख्खा भाऊ, रोज तलावाला फेऱ्या मारणारा, साखर पळवून लावलेला. माझी कदाचित चाललीही नसती, ऑपरेशन झालेलं, खडे झालेले, जुनी साखर. पण मी तपासायलाही गेलो नाही. तिथे पहिलाच प्रश्न विचारतात — आधी काही ऑपरेशन झालंय का? मी बीपीचं निमित्त सांगितलं, मिलच्या सीझनचं सांगितलं. प्रकाशजी तपासून आले, त्यांची जुळली नाही. परतल्यावर तेच माझी समजूत घालत होते, “भाऊ, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

मी मनाला लावून घेतलं नाही. पुढेही धुळ्याला जात राहिलो. वाटेत पारोळ्याला गाडी थांबवून घोट-घोट करत बाटली संपवायची, म्हणजे निमूकडे संध्याकाळ झाली तरी निभावतं. नाहीच निभावलं तर तिचं बाथरूम होतं.

आणि ती? डायलिसिसवाल्याला पाणी मोजून. छोट्या बाटलीत दिवसाचं पाणी, ओठ कोरडे पडले की बर्फाचा खडा. केळीचा घड कुणी रावेरहून पाठवला तर वाटून टाकायचा, तिला केळं चालत नाही. तरी ती हसायची. “माझा चौविहार आता फुकटात होतो बघ.” हे ती माझ्यासमोर म्हणायची, आणि मी तिच्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायचो.

मंगळवारी मी गेलो होतो. डायलिसिस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तिला जरा बरं असतं. पलंगावर उशीला टेकून बसली होती. म्हणाली, “भाऊ, येत्या रविवारी आमच्या भवनात बायकांना बोलावलंय मी. तू बोल. वजनाचं, साखरेचं. कितीतरी जणी माझ्यासारख्या आहेत. त्यांना वेळेवर कुणीतरी सांगायला पाहिजे.” मी म्हणालो, मी काय सांगणार? ती म्हणाली, “जे मला सांगितलंस ते. तू बरोबरच सांगितलं होतंस. माझीच जीभ आवरली नाही. माझंच मन कच्चं.”

हे तिने आधीही म्हटलं असेल. पण मंगळवारी ते मला ऐकू आलं. ती किडन्या घालवून बसली होती, आणि वर त्याचा दोष स्वतःच्या माथी घेऊन बसली होती. म्हणजे मी तिच्याकडून काय काय घेतलं होतं? आणि आता ती मलाच उभं करून आणखी बायकांना तेच ऐकवणार होती.

खिडकीतून ऊन गेलं. तिने सवयीने घड्याळाकडे पाहिलं, ओठ ओले करून बाटली बाजूला ठेवली. दोन्ही हात जोडून चौविहाराचा नियम घेतला. मी नेहमीसारखं बाथरूमकडे निघायला हवं होतं. निघालो नाही. पिशवीतून माझी बाटली काढली, झाकण उघडलं आणि तिच्यासमोर प्यायलो. एक घोट. मग दुसरा.

“भाऊ!” ती दचकली. “अरे, सूर्य मावळला.”

“माहीत आहे,” मी म्हणालो. “मी रोज पितो.”

आणि शर्ट वर केला. ज्या खुणा ओट्याजवळ दाखवायच्या होत्या त्या तेव्हा दाखवल्या. इंदूर सांगितलं, शिबिर सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, शाल, खडा, नळ — सगळं. मध्ये थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा बोललो नसतो. ती माझ्या पोटाकडे बघत राहिली. तिच्या स्वतःच्या हातावर डायलिसिसच्या सुयांच्या जागी गाठी आल्या आहेत, त्यांच्यावरून बोट फिरवत राहिली.

मग म्हणाली, “मी तुला विचारलं होतं. खरं सांग म्हणाले होते.”

मी हो म्हणालो.

“शर्ट खाली कर.”

मी केला. वाटलं आता रडेल, ओरडेल. मी तयार होतो, तिने मारलं असतं तर बरं वाटलं असतं. पण तिने जे विचारलं ते माझ्या ध्यानीमनी नव्हतं. अगदी हळू आवाजात म्हणाली, “तुला भूक लागायची का रे तेव्हा?”

“नाही,” मी म्हणालो. “ऑपरेशननंतर लागायचीच नाही. कित्येक महिने आठवण करून जेवावं लागायचं.”

“मला लागायची,” ती म्हणाली. “फार लागायची भाऊ. जीव कासावीस व्हायचा. मला वाटायचं, भाऊलाही एवढीच लागत असेल, आणि तो सोसतोय. मग माझ्यानेच का होत नाही?” आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी बसून राहिलो. प्रकाशजी दुकान बंद करून आले, आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघून आत गेले. निघताना मी चप्पल घालत होतो तेव्हा ती भिंतीकडे बघतच बोलली. माफ केलं वगैरे काही म्हणाली नाही. म्हणाली, “रविवारचं मी रद्द करणार नाही. तू ये. त्यांना हे सांग.”

आज शनिवार आहे. सरोजला सांगितलंय, ती सोबत येणार आहे. भवनात जळगावचेही काही असतील, सत्कार करणारे असतील. असू देत. प्रकाशजींना मी सभेच्या आधी घरी गाठून सांगणार आहे, त्यांना चारचौघांत कळायला नको. सोमवारी तलावावर सांगेन, मिलमध्ये सुपडू नानांना सांगेन. यातलं काही केल्याने निमूचं डायलिसिस एका दिवसानेही कमी होत नाही, हे मला माहीत आहे.

भाषण लिहिलेलं नाही. पाण्याची बाटली हातात ठेवणार आहे, आणि उभं राहिल्या राहिल्या पहिलं वाक्य बोलणार आहे ते एवढंच — मला भूक लागतच नव्हती.